चाळणीवाली कुणाची

अक्काची नजर एके काळी इतकी तिखट होती की पलीकडच्या टेबलावरचं फुटकं बी तिला आपल्या जागेवरून दिसायचं, आणि दिसलं की तिला गप्प बसवत नसे. "तुमच्या ट्रेत, उजवीकडे वर, पोचट आहे बघा," असं ती ओरडली की त्या टेबलावरची बाई आधी चिडायची, मग बघायची आणि मग आणखी चिडायची, कारण पोचट बी नेमकं तिथेच असायचं. अठ्ठावीस वर्षं अक्काने असा वैताग दिला, आणि तरी एकीनेही तिच्याशी कधी अबोला धरला नाही. यावरून बाई काय चीज होती ते समजून घ्यावं.

काम बियाणं निवडायचं. कंपनीत बी मशिनीतून साफ होऊनच यायचं, पण मशीन शेवटी मशीन. टोमॅटो, मिरची, कलिंगड असलं महागाचं बी माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय पुड्यांत भरत नसत. लांबलचक हॉल, दहा टेबलं, टेबलाला तीन बाया, प्रत्येकीपुढे पांढरा ट्रे, बी उचलायचा चिमटा आणि मान वाकवलेला दिवा. सकस बी डावीकडे सारायचं. पोचट, फुटकं, किडकं उजवीकडे. ज्याला हे सोपं वाटतं त्याने तासभर बसून दाखवावं. पाठीचा कणा आणि माणसाचा अहंकार दोन्ही जागेवर येतात.

हॉलमध्ये रेडिओला बंदी होती. मालक खडूस होता म्हणून नव्हे, अनुभवाने. गाणं लागलं की हात ठेक्यावर पळायला लागतात, आणि ठेक्यावर पळणाऱ्या हाताखालून पोचट बी खुशाल निसटून जातं. बोलण्याला ठेका नसतो. म्हणून कधीकाळी कुणा शहाण्याने तिथे वाचणारी बाई बसवली. खिडकीपाशी उंच खुर्ची, तिच्यावर एक बाई, बाईच्या हातात पुस्तक. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. ती वाचायची, बाकीच्या तीसजणी निवडत ऐकायच्या.

दुसरी रीत झापडीची. दर अर्ध्या तासाने घंटा वाजायची, की सगळ्यांनी हात थांबवायचे, डोळे मिटायचे आणि मनात साठ आकडे मोजायचे. डोळ्याचं असं आहे की एकाच रंगाकडे फार वेळ बघत राहिला की तो निर्ढावतो, समोरचं किडकं बीही त्याला साजरं दिसायला लागतं. झापड घेऊन पुन्हा बघितलं की मघाशी तीनदा नजरेखालून गेलेलं पोचट बी टपकन दिसतं. वाचन मात्र झापडीतही थांबत नसे.

दरवर्षी डोळ्यांचा डॉक्टर यायचा. त्याच्या तपासणीत नापास झालेल्या बाईला टेबलावर बसता येत नसे, मग ती कितीही जुनी असो. अक्का चोपन्नाव्या वर्षी नापास झाली. नशीब एवढंच की त्याच महिन्यात आधीची वाचणारी बाई लेकीकडे राहायला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. चष्मा लावून अक्काला पुस्तक वाचता येत होतं आणि आवाज तर काय, अठ्ठावीस वर्षं दहा टेबलांवर ओरडून तयार झालेला. अक्का खुर्चीवर चढली.

खुर्चीमागच्या कपाटात बावीस पुस्तकं होती, सगळी एकाच गुप्तहेराची. तो निवृत्त कर्नल होता. भरदार मिशा, चांदीच्या मुठीची काठी, घरी जुने नकाशे आणि एक म्हातारा नोकर. गुन्हा झाला की हे महाशय यायचे, दिवाणखान्यात सगळ्यांना गोळा करायचे आणि कुणाच्या बुटाला कुठला चिखल लागलाय त्यावरून खुनी सांगायचे. बाया ऐकायच्या, नाही असं नाही. पण मन लावून ऐकण्यापेक्षा खोड्या काढणंच जास्त चालायचं.

"आणि त्याने बूट पुसले असते तर?" टकळी विचारायची. ही हॉलमधली सगळ्यात तरुण बाई. हात चालला नाही तरी चालेल, पण तोंड चाललंच पाहिजे, म्हणून तिचं नाव टकळी.

"हा स्वयंपाकघरात का जात नाही गं कधी?" दुसरी कुणी म्हणायची. "तिथल्या बाईला विचारलं तर पहिल्या पानातच उलगडा होईल."

यावर फौजदारीण म्हणाली ते अक्काच्या डोक्यात बसलं. फौजदारीण म्हणजे पहिल्या टेबलावरची सगळ्यात थोरली बाई, अक्काच्याच बरोबरीची; हॉलमधली सगळी भांडणं तिच्या कोर्टात मिटायची. ती ट्रेवरून मान न उचलता म्हणाली, "तो विचारणार नाही. मोलकरीण चहा घेऊन आली की तो खिडकीबाहेर बघतो. मी लक्ष ठेवून आहे. चौदा पुस्तकांत त्याने एकाही मोलकरणीचं तोंड बघितलेलं नाही."

चौदावं पुस्तक निम्मं झालं आणि अक्काचे डोळे गेले. म्हणजे पुरते गेले नाहीत. नजरेच्या नेमक्या मधोमध एक करडा डाग बसला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. ओळ सुरू झालेली दिसायची आणि पुढे धुकं. बाहेरच्या एका डॉक्टरला तिने गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, कडा राहतील, मधलं परत येणार नाही. चालता-फिरता येईल, जिने उतरता येतील, वाचता येणार नाही.

हे फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. एकीचं लग्न झालं नव्हतं, दुसरीचं टिकलं नव्हतं.

"सांगून टाक कंपनीत," बहीण म्हणाली.

"आणि मग?"

"मग घरी राहा. मी आहे ना."

"घरी बसून काय करू? तुझ्या चुका काढू? त्याही आता दिसत नाहीत."

अक्का हसण्यावारी न्यायची, पण आतून हादरली होती. तो हॉलच तिचं गोत होता. तिथे ती कुणीतरी होती. घरी ती फक्त डोळे गेलेली म्हातारी झाली असती.

तर त्या सोमवारी ती नेहमीसारखी खुर्चीवर चढली, चौदावं पुस्तक उघडलं आणि शनिवारी डोळ्याच्या कडेने एकेक अक्षर लावून पाठ केलेलं अर्धं पान म्हणून टाकलं. "कर्नल कारखानदाराच्या बंगल्यावर पोचले आणि..." पाठ केलेलं इथे संपलं. पुढे धुकं. तीस बाया ऐकत होत्या. अक्काच्या तोंडून निघून गेलं, "...आणि त्यांना सटासट शिंका आल्या."

कर्नलना पडसं झालं. पडशाचा ताप झाला. कर्नलनी बंगल्याच्या पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण धरलं.

"बरं झालं," टकळी म्हणाली. "मग आता शोधणार कोण?"

"पुढच्या पानावर असेल," असं म्हणून अक्काने पान उलटलं. आणि त्या क्षणी, बंगल्याच्या मागच्या दाराने, काखेत चाळणी मारून ती आत आली.

चाळणीवाली. घरोघर जाऊन धान्य चाळून, निवडून देणारी बाई. वय साठीकडे झुकलेलं, कंबर धरलेली, एक दात पडलेला. बसायला तिला कुणी खुर्ची देत नसे, म्हणून ती घरात कुठेही बसू शकायची. तिच्यासमोर नवरा-बायको भांडायचे, भाऊ कागद फाडायचे, डॉक्टर पोलिसांच्या कानात कुजबुजायचे, कारण ती असली काय नि नसली काय, त्यांच्या लेखी सारखंच. तिला भिंग लागत नव्हतं आणि चिखलाची पारखही नव्हती. ती बघायची, मग चक्क डोळे मिटून घ्यायची आणि मग पुन्हा बघायची. पोलीस इन्स्पेक्टर म्हणायचा, "म्हातारीला डुलकी लागली." डुलकी संपली की त्याची नोकरी वाचेल असं काहीतरी ती बोलायची.

पहिल्या आठवड्यात हॉल नुसता ऐकत होता. दुसऱ्या आठवड्यात बाया सकाळी दहा मिनिटं आधी यायला लागल्या. कर्नल कुणाला कधी आपला वाटला नव्हता, वाटणार कसा? तो वरून बघायचा. ही बसून, खालून बघायची, आणि खालून टेबलाच्या पोटाला चिकटवलेलं पत्रही दिसतं. तिची कंबर दुखली की हॉलमधल्या तीस कमरा दुखायच्या. इन्स्पेक्टरने तिला हाकलली त्या दिवशी सातव्या टेबलावरच्या बाईने दुपारचा डबाच उघडला नाही. आणि तिने त्याच इन्स्पेक्टरला सगळ्यांदेखत उघडा पाडला त्या दिवशी बायांनी ट्रेवर चिमटे आपटून असा गजर केला की खालच्या गोदामातला माणूस वर बघायला आला.

अक्का पुस्तक मांडीवर धरायची, मधूनमधून पान उलटायची आणि सांगत राहायची. कंपनीत जाता-येता पुढचा भाग जुळवायचा, संध्याकाळी बहिणीवर करून बघायचा. वर्ष गेलं. चाळणीवालीची पाच प्रकरणं झाली. कर्नलचं पडसं काही बरं झालं नाही, आणि कुणी त्याची विचारपूसही केली नाही.

एकच गोष्ट अक्काला खुपायची. दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी म्हणायचंच, "लेखक भारी आहे हो. पुरुष असून बायांचं कसं कळतं त्याला!" अक्का म्हणायची, "हो ना." आणि गिळायची. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी घडवलं होतं आणि त्याचं कौतुक एका मेलेल्या मिशाळ लेखकाच्या खात्यात जमा होत होतं. मेल्याला आयतं मिळत होतं.

सहावं प्रकरण दागिन्यांच्या पेटीचं. एका मोठ्या घरातल्या सासूबाईंच्या पेटीत चाळीस दागिने होते. एका दुपारी त्यातले सात गेले, तेहतीस जागच्या जागी. संशय तिघांवर : उनाड पुतण्या, नवा ड्रायव्हर आणि तसबीर काढायला आलेला चित्रकार. थोरल्या सुनेचा प्रश्नच नव्हता. ती बिचारी दुपारभर, तीन तास, स्वयंपाकघरात गहू निवडत होती, साऱ्या घराने येता-जाता तिला ताटापुढे बसलेलं बघितलं होतं. चाळणीवाली स्वयंपाकघरात गेली. ताट तसंच होतं. मधोमध गव्हाचा ढीग, बाजूला काढलेले दहा-बारा खडे, ताटाचा काठ आरशासारखा लख्ख. तिने बघितलं, डोळे मिटले, पुन्हा बघितलं आणि पदराआड हसली.

इथपर्यंत गोष्ट आली आणि नवे साहेब आले.

साहेब पस्तिशीचे, उत्साही. बदली होऊन आलेल्या पहिल्याच दिवशी ते हॉलचं दार उघडून आत आले, ते नेमके झापडीत. तीस बाया ट्रेपुढे डोळे मिटून बसलेल्या आणि एक बाई त्यांना गोष्ट सांगतेय. साहेबांना वाटलं ते चुकून बालवाडीत शिरले.

"झोपलात काय सगळ्या?"

फौजदारीण डोळे न उघडता म्हणाली, "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... थांबा साहेब, बारा राहिलेत."

साहेब थांबले. झापड संपली, हात चालू झाले, अक्काने रोजच्यासारखी कर्नलच्या पडशापासून लख्ख ताटापर्यंत उजळणी केली, तरी ते दारातच उभे. त्यांच्या कानावर कर्नलचं नाव पडलं होतं. तडक खुर्चीपाशी येऊन ते म्हणाले, "कर्नल? तुम्ही कर्नल वाचता? अहो, मी बावीसच्या बावीस वाचलीत! शाळेत दप्तरात लपवून न्यायचो. हे कितवं?"

"चौदावं," अक्का म्हणाली.

"चौदाव्यात तर कारखानदाराचा खून आहे. ही चाळणीवाली कोण? आणि कर्नल आजारी? कर्नल बावीस पुस्तकांत एकदाही आजारी पडलेला नाही!"

अक्काने पुस्तक पदराआड ओढलं. पण भक्त माणूस असला की स्वतःच स्वतःची समजूत घालतो. साहेबांचा चेहरा अक्काला दिसत नव्हता, आवाज मात्र एकदम उजळला. "जुनी आवृत्ती! ही जुनी आवृत्ती असणार. पुढे लेखकाने हे सगळं कापून टाकलं असेल. कुठल्याही यादीत नाही हो हे! मला देता का एका दिवसासाठी?"

"संपवून देते."

"किती राहिलंय?"

"थोडंच."

"मग असं करू. उद्या दुपारी मी माझी प्रत घेऊन इथे बसतो. तुम्ही वाचा, मी पानागणिक ताडून बघतो. काय गंमत येईल!"

साहेबांच्या मनात पाप नव्हतं, हेच वाईट होतं. वैऱ्याशी भांडता येतं, अशा माणसाशी काय भांडणार?

संध्याकाळी बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अक्का. उद्या आजारी पडलीस तर तो परवा बसेल."

"कळतंय मला."

"पुस्तक हरवलं म्हण."

"वर्षभर खोटं वाचलं तेवढं पुरे झालं," अक्का म्हणाली. "तो पान दाखवून विचारणार, इथे कुठे आहे चाळणीवाली, आणि मी तीसजणींसमोर चाचपडत बसणार. ते नको. जायचंच आहे तर आपल्या तोंडाने सांगून जाईन. फक्त एक वाटतं गं, पेटीचं प्रकरण पुरं करायला हवं होतं. त्या सुनेचं काय झालं ते कुणालाच कळणार नाही."

"मला सांग."

"तुला नाही," अक्का म्हणाली. "हॉलला."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्टूल घेऊन खुर्चीशेजारी बसले. मांडीवर त्यांची प्रत, हातात पेन्सिल, शाळेतल्या हुशार मुलासारखे तयार. "कितवं पान?" त्यांनी विचारलं.

अक्काने पुस्तक उघडलं. समोर करडा डाग. त्याच्या कडेकडेने तिला हॉलची दोन टोकं दिसत होती, दिवे दिसत होते. तिने पुस्तक मिटलं.

"साहेब, तुमची प्रत मिटा. ताडून बघण्यासारखं यात काही नाही. वर्ष झालं, मला यातलं एक अक्षर दिसलेलं नाही."

हॉलमधले चिमटे थांबले.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"डोळे गेलेत माझे. मधले. खुर्ची जाईल म्हणून बोलले नाही. चाळणीवाली कुठल्याही पुस्तकात नाही. मी मनाने सांगत होते."

साहेबांना रागवायला हवं होतं, पण त्यांच्या तोंडून आधी वेगळंच निघालं. "म्हणजे जुनी आवृत्ती नाही?"

"नाही."

त्यांचा आवाज पडला. मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली. पेन्सिल खिशात ठेवत, अवघडून ते म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही नेमणूक वाचणाऱ्या बाईची आहे. वाचताच येत नसेल तर मला वर कळवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"कळवा," अक्का म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या टेबलावरून फौजदारीण बोलली. "यात नवीन काय सांगितलंस, अक्का? आम्हाला ठाऊक होतं."

अक्काने मान त्या आवाजाकडे वळवली. "काय ठाऊक होतं?"

"तुला दिसत नाही ते. आणि चाळणीवाली तुझी आहे ते."

"कधीपासून?"

"अगं, आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने डोळे मिटून बसतो. डोळे मिटले की माणूस कानाने बघतं. खरं वाचणारं माणूस पान उलटतं ते वाक्याच्या मध्येच, कारण छापणाऱ्याला वाक्याची पर्वा नसते. आधीची बाई तशीच उलटायची, तूही पहिली दोन वर्षं तशीच. मग एकदम दर पान वाक्य संपल्यावर उलटायला लागलीस. एकदाही वाक्य पानाच्या काठावर अडखळलं नाही. असलं पुस्तक कुठे छापतात?"

"आणि त्या दिवशी लाईट गेली होती," टकळी मध्येच घुसली. "भर ढगाळ दुपारी, मिट्ट अंधार. आमचे हात थांबले आणि तुम्ही आपल्या वाचतच होता, अक्का! मी हसणार होते, शेजारणीने मला कोपर मारलं."

"शिवाय कुठला लेखक त्याच्या हेराला झापड घ्यायला लावेल?" फौजदारीण म्हणाली. "ते बी निवडणाऱ्या बाईशिवाय कुणाला सुचणारच नाही."

वर्षभर ती यांना फसवत होती, आणि या तिला फसू देत होत्या. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कर्नलचं पडसं बरं झालं असतं," टकळी म्हणाली, आणि हॉल असा हसला की दोन-तीन ट्रेंमधलं बी उडालं.

साहेब हसले नाहीत. त्यांचा अभिमान दुखावला होता. पाच मिनिटांपूर्वी जे त्यांना कळलं ते तीस बायांना वर्षभर ठाऊक होतं, आणि बावीस पुस्तकं तर त्यांनी वाचली होती. ते म्हणाले, "ते असो. पण चोर कोण ते मला कालच कळलं. पुतण्या. तो फार जास्त बोलतो."

मग एका टेबलावरून खुसखुस सुरू झाली आणि दहाही टेबलांवर पसरली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"थोरली सून!" हॉल एका आवाजात ओरडला.

"ती कशी असेल? ती तर तीन तास गहू निवडत होती. सगळ्यांनी बघितलंय."

"साहेब, तुम्ही कधी धान्य निवडलंय?" टकळीने विचारलं. "तीन तास निवडलेल्या ताटाचा काठ लख्ख कसा राहील? निवडलेल्या धान्याची धूळ निघते, कोंडा निघतो, काठाला बसतो, बोटं करडी होतात. तिने आधीच निवडलेला गहू ताटात ओतला आणि बाजूला दहा खडे मांडून ठेवले. दोन मिनिटांचं काम. उरलेला वेळ मोकळा. ताट ऐकलं तेव्हाच कळलं आम्हाला."

माणूस खरा वाचक होता म्हणून हरल्याचा आनंद त्याला कळत होता. तो हळूहळू त्यांच्या आवाजात आला. "ताट," ते म्हणाले. "समोरच होतं की!" आणि मग लगेच, "पण का? घरातली थोरली सून. उद्या सगळी पेटी तिचीच होणार. आणि चाळीसातले सातच का?"

आता हॉल गप्प झाला. टकळीने फौजदारणीकडे बघितलं, फौजदारणीने अक्काकडे. कोण ते सगळ्यांना कळलं होतं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते एका माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस उंच खुर्चीवर बसलं होतं.

अक्काला ती शांतता ऐकू आली. "सांगू?" ती म्हणाली. "की आधी वर कळवता?"

"सांगा हो," साहेब म्हणाले आणि स्टूल पुढे ओढून बसले.

अक्काने पुस्तक मागच्या कपाटावर ठेवून दिलं. वर्षभर एक हात पुस्तकात अडकलेला असायचा; आज दोन्ही मोकळे होते. तिने कंबर धरून चाळणीवालीला उठवलं, इन्स्पेक्टरची छाती फुगवली, सासूबाईंची मान ताठ केली. दिवाणखान्यात सगळे जमले. इन्स्पेक्टर विचारत होता सात दागिने केवढ्याचे, आणि चाळणीवाली दारात जमिनीवर बसून विचारत होती, सात दागिने कुणाचे. मग थोरली सून स्वतः पुढे आली. बावीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिच्या आईने अंगावरचे सात दागिने काढून तिला दिले होते. सासूबाईंनी ते त्याच दिवशी पेटीत ठेवले, नीट राहतील म्हणून. बावीस वर्षांत पाहुण्यांपुढे पेटी उघडली की सासूबाई सांगायच्या, हे माझे चाळीस. आणि सून बाजूला उभी राहून ऐकायची.

"इन्स्पेक्टर वही काढायला लागला," अक्का म्हणाली. "चाळणीवाली म्हणाली, वही ठेवा साहेब. उरलेल्या तेहतिसांना तिने हात लावलेला नाही. चोरी झालीच नाही या घरात. झाली असेल तर बावीस वर्षांपूर्वी. हिने फक्त आपलं आपण घेतलं."

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी चिमटे आपटले नाहीत. सातव्या टेबलावरच्या बाईने डोळे पुसले. फौजदारीण म्हणाली, "बरोबर केलं तिने," आणि मग एकदम दहा टेबलांवर कल्ला उठला, सासूला शिव्या, सुनेला शाबासकी. टकळी तर उभीच राहिली होती. असा गोंधळ त्या हॉलने कधी ऐकला नव्हता.

साहेब तो ओसरेपर्यंत थांबले. मग उठून म्हणाले, "मी वर कळवणारच आहे. या खुर्चीला वाचणारी बाई नको, सांगणारी हवी, असं कळवतो. आणि त्यांना नाही पटलं तर मी त्यांना इथे आणून बसवतो, एक दुपार."

हॉलच्या दाराबाहेर एक फळा होता. चालू महिन्यात काय वाचन आहे ते त्यावर लिहायची पद्धत होती, आणि वर्षभर तिथे कर्नलचंच नाव वाळत पडलं होतं. साहेबांनी ते पुसलं. खडू हातात घेऊन त्यांनी दारातून आत विचारलं, "चाळणीवाली लिहिलं. लेखक कोण लिहू?"

सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. एकीनेही तिच्या वतीने उत्तर दिलं नाही.

"मी," अक्का म्हणाली. आवाज टेबलांवरून पार गोदामापर्यंत गेला. "माझी आहे ती. माझं नाव लिहा."

खडूचा आवाज आला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"मोठ्या अक्षरात लिहिलंत ना?"

"फळाभर," साहेब म्हणाले.

"असू दे," अक्का म्हणाली. "मला नाही दिसलं तरी चालेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे."